रुग्णाच्या खाटेपाशी उलटतपासणी!

आरोग्याचा विमा मनुष्य उतरवतो तो आजारासाठी. हप्ता भरताना तो कंपनीला जणू सांगत असतो की, 'आज माझे हातपाय धड आहेत तोवर मी पैसे भरतो. उद्या मी अंथरुणाला खिळलो तर तुम्ही मला हात द्या.' करार इतका सरळ आहे. परंतु प्रत्यक्षात घडते काय? तो उद्याचा दिवस उगवतो, मनुष्य रुग्णालयात दाखल होतो, आणि हात देण्याऐवजी कंपनी त्याला विचारते, 'खरे सांगा, हा आजार तुम्हांला पूर्वीपासून होता की नाही?' 'पूर्वीचा आजार' हे दोन शब्द आज आपल्या पांढरपेशा मध्यमवर्गाला जितके छळत आहेत, तितके प्रत्यक्ष आजारही छळत नसतील. या दोन शब्दांचा आज आम्हांला समाचार घ्यावयाचा आहे.

दादर, पार्ले किंवा डोंबिवली येथला एखादा निवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. नोकरीत होता तोवर कचेरीच्या सामुदायिक विम्याचे छत्र त्याच्या डोक्यावर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली, छत्र गेले, आणि त्याने भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून स्वतःची पॉलिसी घेतली. एजंट घरी आला, चहा घेतला, आणि अर्ज त्यानेच भरला. 'तब्येत ठीक आहे ना?' या त्याच्या प्रश्नाला गृहस्थाने 'हो' म्हटले, आणि अर्जावरील सगळ्या रोगांसमोर 'नाही' अशी खूण झाली. पुढे तीन वर्षे हप्ते बिनबोभाट भरले गेले. चौथ्या वर्षी एका पहाटे छातीत कळ आली. रुग्णालयात रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने घाबरलेल्या पत्नीला विचारले, 'यांना रक्तदाब किती वर्षांपासून आहे?' ती बिचारी गोंधळून म्हणाली, 'असेल सात-आठ वर्षे.' केसपेपरवर तेवढी एक ओळ उमटली. झाले! त्या एका ओळीने विम्याचा निकाल लागला. 'आपण पूर्वीचा आजार दडवून ठेवला, सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत असून पॉलिसीही रद्द करण्यात येत आहे,' असे पत्र आले. तीन वर्षे हप्ते घेताना ज्या कंपनीला या गृहस्थाच्या नाडीचे ठोके मोजावेसे वाटले नाहीत, ती पैसे देण्याची वेळ येताच मोठी धन्वंतरी बनली!

हे चित्र आम्ही कल्पनेने रंगवले असले, तरी ते काल्पनिक नाही. ज्या घरात विम्याचा दावा एकदा तरी दाखल झाला आहे, त्या घरातील माणसाला ते ओळखीचे वाटेल. विमा नियामक प्राधिकरणाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ या वर्षी आरोग्यविम्याच्या एकूण दाव्यांपैकी रकमेच्या हिशेबाने सुमारे ७१ टक्केच चुकते झाले. उरलेल्या रकमेत काही दावे विचाराधीन असतील, काही खोटेही असतील. परंतु शंभर रुपयांचे बिल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या रुग्णसमाजाच्या पदरात एकाहत्तर रुपये पडावेत, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

विमा कंपन्यांची बाजू आम्हांला समजत नाही असे मात्र कोणी समजू नये. घराला आग लागल्यावर आगीचा विमा उतरवता येत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर लोक पॉलिसी घेऊ लागले आणि बरे होताच हप्ता बंद करू लागले, तर कंपनी चार दिवसांत बसेल, आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे हप्ते भरणारेही बुडतील. विम्याची तिजोरी ही शेवटी हप्ता भरणाऱ्यांचीच तिजोरी असते. म्हणून उशिरा आलेल्याला काही काळ थांबावयास सांगणे, हे आम्ही अन्याय्य मानत नाही. आमची तक्रार थांबवण्याबद्दल नाही. पैसे घेऊन, थांबवून, आणि मग वेळ आल्यावर 'तुम्ही मुळी आमचे नव्हेतच' म्हणण्याबद्दल ती आहे.

आणि 'पूर्वीचा आजार' नाही असा मनुष्य आज शोधून तरी सापडेल काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना रक्तदाबाचा विकार आहे. शहरातील पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या घरात सकाळच्या चहाबरोबर एखादी गोळी नसेल, तर तो अपवादच म्हणावा लागेल. जो विमा मधुमेह आणि रक्तदाब असलेल्याला पाहून तोंड फिरवतो, तो विमा आजाऱ्यांसाठी नव्हे, तर कधीच आजारी न पडणाऱ्यांसाठी आहे. आणि अशा भाग्यवंतांना विम्याची गरजच काय?

या प्रश्नाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. आपल्याकडे 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केली. तिच्यात पूर्वीचे आजार सरसकट वगळलेले होते. पुढे लोकांच्या तक्रारी वाढल्या, ग्राहक न्यायालयांनी कंपन्यांना फटकारले, आणि हळूहळू 'कायमचे वगळणे' जाऊन 'ठरावीक वर्षे थांबणे' आले. हा थांबण्याचा काळ बरीच वर्षे ४८ महिन्यांपर्यंत होता. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला. 'पूर्वीचा आजार' म्हणजे काय याचीही व्याख्या आवळण्यात आली: पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे डॉक्टरने निदान केले, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला अथवा उपचार सुचवला वा घेतला गेला, तोच पूर्वीचा आजार. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची जुनी सबबही आता राहिलेली नाही. कॅशलेस उपचाराच्या मागणीवर एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतेवेळी तीन तासांत निर्णय द्यावा, आणि कंपनीच्या पुनर्विचार समितीच्या संमतीवाचून दावा नाकारू नये, असेही प्राधिकरणाने त्याच वर्षी बजावले. या सर्व सुधारणांचे श्रेय प्राधिकरणाला दिले पाहिजे, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने देतो.

परंतु या सुधारणांत एक मोठे भगदाड तसेच राहिले आहे. पॉलिसी घेतल्यावर किती वर्षे कंपनीने विमेदाराच्या अर्जातील जुने शब्द उकरून काढावेत, याला एक मर्यादा आहे. ही मर्यादा पूर्वी आठ वर्षांची होती. २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर, म्हणजे ६० महिन्यांवर आली. अखंड पाच वर्षे हप्ते भरल्यावर, सिद्ध झालेली लबाडी वगळता, 'तुम्ही माहिती दडवली' असे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आता याच्याशेजारी आयुर्विम्याचा कायदा ठेवून पाहा. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की, तिच्याविरुद्ध कोणत्याही कारणावरून, अगदी लबाडीच्याही कारणावरून, कंपनीला ब्र काढता येत नाही.

याचा अर्थ काय झाला? विमेदार मेला, तर कायदा त्याच्या शब्दावर तीन वर्षांनी विश्वास ठेवतो. परंतु तो जगला, खाटेवर पडून उपचार मागू लागला, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास त्याच कायद्याच्या राज्याला पाच वर्षे लागतात! मेलेल्याचा वारस तिसऱ्या वर्षानंतर निर्धास्त. जिवंत रुग्ण पाचव्या वर्षापर्यंत आरोपी! आयुर्विम्याच्या पॉलिसीत लाखांची आणि कोटींचीही रक्कम गुंतलेली असते. तिथे तीन वर्षांत जे शोधायचे ते शोधून काढता येते, तर गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या काही लाखांसाठी पाच वर्षे कशाला हवीत? आणि ज्या अर्थी पूर्वीच्या आजारासाठी थांबण्याचा काळच आता तीन वर्षांचा आहे, त्या अर्थी चौथ्या आणि पाचव्या वर्षी हा सासुरवास कशासाठी? ज्याने आजार खरा सांगितला त्याला चौथ्या वर्षी पैसे मिळतात. ज्याच्याकडून तो अजाणता सांगायचा राहिला त्याचे पैसेही जातात, आणि पॉलिसीही जाते. चुकीला शिक्षा असावी, पण ती चुकीच्या मापाची असावी.

न्यायासनाने या बाबतीत कंपन्यांना वाट दाखवलेली आहे. एका मधुमेही गृहस्थाने परदेश प्रवासासाठी मेडिक्लेम घेतला होता आणि आपला मधुमेह कंपनीला सांगितलाही होता. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा त्रास झाला, स्टेंट घालावे लागले. रक्तातील चरबी कमी करणारी गोळी आपण घेत होतो हे त्याने सांगितले नव्हते, या सबबीवर कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. परंतु ६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने तो निर्णय फिरवला. विमेदाराची प्रकृती अजमावून एकदा पॉलिसी दिली की, त्याने सांगितलेल्या आजाराचेच निमित्त काढून मागाहून दावा नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. निकाल उत्तम आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढण्याचे त्राण किती रुग्णांत असते? न्याय मिळेपर्यंत रुग्णाची पुंजी आणि पुष्कळदा रुग्णही संपलेला असतो.

येथवर आम्ही कंपन्यांना बोल लावला. आता थोडे आपल्याच घरात डोकावले पाहिजे. विम्याचा करार हा परस्परांच्या सचोटीवर उभा असतो. कंपनीला जे ठाऊक नाही आणि विमेदाराला जे ठाऊक आहे, ते त्याने सांगितलेच पाहिजे. आपल्या सुशिक्षित वर्गात मात्र अशी एक समजूत रूढ झाली आहे की, अर्जावर आजार लिहिणे म्हणजे आपल्या हाताने आपले नुकसान करून घेणे होय. 'कशाला लिहिता साहेब? हप्ता वाढेल, तपासण्या लागतील,' असे एजंट म्हणतो, आणि जो मनुष्य दुकानदाराने एक रुपया जादा घेतला तर भांडतो, तो न वाचताच अर्जावर सही ठोकतो. हे शहाणपण नव्हे, हा आत्मघात आहे. एजंटाचे काम पॉलिसी विकली की संपते. सही मात्र आपली राहते. म्हणून आमचे वाचकांना निक्षून सांगणे आहे की, अर्ज स्वतः वाचा, गोळीसुद्धा दडवू नका, आणि भरलेल्या अर्जाची प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवा. नोकरी सुटण्यापूर्वीच सामुदायिक विम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी करा. तसे नियमांप्रमाणे केल्यास थांबण्याची जी वर्षे आधी भोगून झाली असतील, ती पुन्हा भोगावी लागत नाहीत. वरच्या आमच्या गृहस्थाला हे कोणी सांगितले असते, तर त्याच्यावरचे निम्मे संकट टळले असते.

आता आमच्या मागण्या. पहिली मागणी अशी की, आरोग्यविम्यातील पाच वर्षांची मर्यादा आयुर्विम्याप्रमाणे तीन वर्षांवर आणावी, आणि ती केवळ प्राधिकरणाच्या परिपत्रकात न ठेवता कायद्याच्या कलमात घालावी. परिपत्रक आज निघते, उद्या बदलते; कायद्याला संसद लागते.

दुसरी मागणी अशी की, तपासणी करायची ती दारात करावी, खाटेपाशी नव्हे. पंचेचाळीस वर्षांवरील प्रत्येक अर्जदाराची प्रकृती कंपनीने आपल्या खर्चाने, आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्यावी. रक्तदाब मोजायला आणि रक्तातील साखर पाहायला काही समुद्रमंथन करावे लागत नाही. त्या साध्या तपासणीत जे दिसू शकत होते, ते कंपनीने पाहिले नाही, तर तो कंपनीचा दोष. त्याचा भुर्दंड पुढे रुग्णावर पडता कामा नये. अर्ज मराठीत असावा, आणि एजंटाने भरला असेल तर तो विमेदाराला वाचून दाखवल्यावाचून ग्राह्य धरू नये.

तिसरी मागणी न्यायाची आणि साध्या समजुतीची आहे. जो आजार सांगायचा राहिला आणि ज्या आजारासाठी आज पैसे मागितले जात आहेत, त्या दोहोंचा संबंध कंपनीने सिद्ध करावा. ज्याने रक्तदाब लिहिला नाही, तो जिन्यावरून पडून मांडी मोडून घेऊन आला, तर त्याच्या मोडलेल्या हाडाला रक्तदाबाचा हिशेब कशाला विचारायचा? संबंध नसेल तर दावा चुकता करावा, आणि न सांगितलेल्या आजाराबद्दल फार तर हप्त्यातील फरक वसूल करून घ्यावा.

यावर कंपन्या म्हणतील की, एवढा भार आम्ही उचलला तर हप्ते वाढवावे लागतील. ही भीती अगदीच निराधार नाही. हप्ते आजही मध्यमवर्गाच्या कमरेला झेपेनासे झाले आहेत. साठीवरील विमेदारांचा हप्ता परवानगीवाचून वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असे प्राधिकरणाला जानेवारी २०२५ मध्ये सांगावे लागले, आणि वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठवण्यात आला. तेव्हा चौथा प्रश्न उभा राहतो तो असा की, जुन्या आजाऱ्यांचा भार एकट्या आजाऱ्याने का वाहावा? तो सर्वांनी मिळून वाहावा, हेच तर विम्याचे मूळ तत्त्व होय.

आणि हे तत्त्व आपल्या देशाला नवे नाही. प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना १९४४ साली मांडली. तिच्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे त्या योजनेचा आरंभ केला. दोन वर्षांनी ती मुंबईत आली. त्या योजनेने गिरणी कामगाराला 'तुला पूर्वी खोकला होता काय?' असे विचारले नाही. कामगाराने पगारातून दिले, मालकाने आपला वाटा घातला, आणि आजारी पडला त्याला औषध मिळाले. तिच्या दवाखान्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, आणि त्या रास्तही आहेत. पण रोग्याला रोगी असल्याबद्दल दाराबाहेर उभे करण्याचे पाप तिने केले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतही पूर्वीचे आजार पहिल्या दिवसापासून अंतर्भूत आहेत, आणि २०२४ मध्ये ती सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, खुली झाली. अमेरिकेसारख्या खासगी विम्याच्या माहेरघरीही १ जानेवारी २०१४ पासून जुन्या आजारासाठी विमा नाकारण्यास आणि जादा हप्ता घेण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणजे गरिबाला सरकारी योजना आहे, कामगाराला कामगार विमा आहे, सत्तरीच्या वृद्धालाही आधार आहे. मधल्या मध्ये लोंबकळतो तो पन्नाशी-साठीतला, स्वतःच्या खिशातून हप्ता भरणारा मध्यमवर्गीय! जुने आजार असलेल्या विमेदारांसाठी सर्व कंपन्यांनी मिळून एक सामायिक निधी उभारावा, प्रत्येकीने आपल्या धंद्याच्या प्रमाणात त्यात भर घालावी, आणि सरकारनेही आपला वाटा उचलावा, ही आमची चौथी मागणी आहे.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांचे दावे नाकारले गेले आहेत त्यांनी कपाळाला हात लावून बसू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीचा निवाडा होतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत गेले पाहिजे. पुष्कळ माणसे लाजेने आणि 'आपणच काहीतरी लिहायचे विसरलो असू' या अपराधी भावनेने घरी बसतात. कंपन्यांचा भरवसा नेमका या घरी बसण्यावर असतो.

आम्ही कंपन्यांचे शत्रू नाही. विमा हा धंदा आहे आणि धंद्याला नफा लागतो, हे आम्ही जाणतो. पण हा धंदा विश्वासाचा आहे, आणि विश्वास विकणाऱ्याने गिऱ्हाइकावर पाच वर्षे संशय धरायचा, हे फार काळ चालणार नाही. कंपनीने काय विचारायचे ते पैसे घेण्यापूर्वी विचारावे, सर्व विचारावे, आणि खडसावून विचारावे. पैसे घेतल्यावर मात्र तिने रुग्णाच्या खाटेपाशी येताना उलटतपासणीचे कागद बाहेर ठेवावेत आणि वचनाचा कागद तेवढा हातात घेऊन यावे. संसदेने हे कलम दुरुस्त करावे, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी या कामी पुढाकार घ्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.